लेकीचा पाय ओलांडताना

आप्पांचं चालणं बिघडलंय हे माझ्या लक्षात आलं ते अनगोळच्या भाजीबाजारात. माझे वडील नेहमी माझ्या चार पावलं पुढं असायचे. लहानपणापासून मी त्यांच्या मागं पळतच वाढले. त्या दिवशी मेथीची जुडी पिशवीत टाकून मी वळले, तर ते मागं राहिले होते. खाली बघत, पाय घासत येत होते. मग जाणवलं, की गेले कित्येक महिने मीच पाऊल आखडून चालतेय. कुणी सांगितलं नव्हतं, मीही ठरवलं नव्हतं. शरीर आपलं आपण हळू झालं होतं.

आप्पा गुरांच्या सरकारी दवाखान्यात मदतनीस होते. जांबोटीपासून कणकुंबीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर गुरांना लस टोचायला जायचं, हे त्यांचं काम. खांद्याला बर्फाची पेटी, तिच्यात लशीच्या बाटल्या. बर्फ विरघळायच्या आत वाडी गाठायची, नाहीतर लस वाया. बस दिवसाला एखादी, तीही आली तर. त्यामुळं ते चालायचे, आणि असे चालायचे की बरोबरच्या डॉक्टरांना धाप लागायची. उन्हाळी सुट्टीत मीही मागं लागून जायची. चालता चालता ते बोलत असायचे. कुठली म्हैस सुई बघितली की दावं तोडते, कुणाच्या गोठ्यात आधी हाक मारून मगच शिरायचं. मला त्यातलं निम्मं ऐकूच यायचं नाही, कारण ते पुढं असायचे.

आई गेल्यावर त्यांना मी बेळगावात माझ्याकडं आणलं. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. नवरा नोकरीसाठी हुबळीला असतो, शनिवारी येतो. घरात एरवी आम्ही दोघंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी आप्पांना बोटांची उघडझाप करायला लावली, दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं, आणि पार्किन्सन असल्याचं सांगितलं. हात फारसा कापत नसल्यामुळं आम्हाला ते सुचलंच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. हातापायांचा ताठरपणा कमी झाला, जेवणाचा घास पुन्हा नीट तोंडात जायला लागला. पण एक गोष्ट गोळ्यांनी पुरती हटेना. चालता चालता आप्पा थांबायचे. विशेषतः दारात. सोप्यातून स्वयंपाकघरात यायला निघायचे आणि चौकटीपाशी आले की पाय जमिनीला खिळायचे. वरचं अंग पुढं जायला बघायचं, टाचा उचललेल्या, पावलं जागच्या जागी थरथरायची.

"काय झालं, आप्पा?"

"जमिनीनं धरलंय बघ," म्हणायचे. "सोडंना झालीया."

मला वाटायचं, मनावर घेतलं तर जमेल. गणिताच्या मास्तरणीला असं वाटायची सवयच असते. एका सोमवारी शाळेची घाई होती. आप्पा दारात अडकले होते आणि मला त्याच दारातून बाहेर पडायचं होतं. मी त्यांचा हात धरला आणि ओढला. पाय जागेवर राहिले, अंग पुढं आलं. ते पडले. डावं मनगट मोडलं.

दवाखान्यात विचारलं तेव्हा माझ्याआधी तेच बोलले. "घाई केली मी. पडलो." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं. मीही काही बोलले नाही. ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

प्लास्टर काढल्यावर मनगटाच्या व्यायामासाठी एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायला लागल्या. निपाणीच्या. वय तिशीच्या आतबाहेर, स्कूटरवरनं यायच्या, आल्या की आधी पाणी मागायच्या. त्यांची आज्जी जन्मभर निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला होती. आप्पांची बोटं दाबता दाबता एकदा म्हणाल्या, "आज्जीच्या हाताचा वास शेवटपर्यंत गेला न्हाय. तिनं मला शिकवलं आणि मी लोकांचे हात बघत फिरते." आप्पांना त्या आवडल्या. त्यांना ते मॅडम म्हणायचे आणि त्या त्यांना आप्पाच म्हणायच्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी आप्पांना दारात अडकलेलं बघितलं. मी पुढं सरसावले तसा त्यांनी हात आडवा केला. "ओढू नका, टीचर. ढकलू पण नका." मग आप्पांना विचारलं, "जिना चढताय काय कधी?"

"चढू देत न्हाईत मला," आप्पा म्हणाले. ते खरं होतं. पडल्यापासून गच्चीचा जिना मी बंदच केला होता.

"चला, बघूया."

मी खाली उभी राहिले. बाई त्यांच्या मागं एक पायरी सोडून. आणि आप्पा जिना चढले. कठड्याला हात लावून, एकामागं एक, न अडता, वरपर्यंत. वरच्या पायरीवर पोचून त्यांनी मान वळवून खाली माझ्याकडं बघितलं. ज्या माणसाला दोन खोल्यांमधलं दार ओलांडता येत नव्हतं, तो माणूस गच्चीवर उभा होता. मला आनंद व्हायच्या आधी राग आला. इतके महिने मग हे काय होतं?

बाईंनी खाली आल्यावर समजावलं. "आपण चालतो ते विचार न करता. मेंदूत ती एक आपसूक वाट असते. ती आप्पांची बुजलीया. पण डोळ्यांची वाट अजून उघडी हाय. पायरी दिसते, पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते डोळ्याला कळतं, पाय जातो. तुमची ही फरशी बघा. कायच सांगत न्हाय ती."

ती फरशी आम्ही हौसेनं बसवली होती. पांढरी, चकचकीत, सांधासुद्धा दिसणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून पिवळ्याधमक चिकटपट्टीची दोन रिळं आणली. बाईंनी आप्पांना आधी व्हरांड्यात चालायला लावून त्यांचं बरं पडलेलं पाऊल खडूनं मापलं. मग गुडघ्यावर बसून पलंगापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत त्याच अंतरानं आडव्या पट्ट्या चिकटवल्या. चौकटीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. न्हाणीकडं वळायच्या जागी गाडीच्या चाकासारख्या पसरत जाणाऱ्या, म्हणजे जागच्या जागी न फिरता मोठा वळसा घेता येईल अशा. आप्पा खुर्चीत बसून बघत होते.

"एवढ्या जवळ?" ते म्हणाले. "मी काय एवढीशी पावलं टाकत होतो?"

"जांबोटीत टाकत नसाल. सध्या ह्यावर भागवा," बाई म्हणाल्या. "आणि पट्टी तुडवायची न्हाय. ओलांडायची. चालताना बोलायचं न्हाय, ध्यान फक्त पट्टीकडं."

आप्पा उठले. पहिल्या पट्टीपाशी थांबले, बघितलं, पाय उचलला. मग दुसरी. तिसरी. चौकट आली. पाय थरथरला, मला वाटलं अडकले. मग त्यांनी उंबऱ्यापलीकडची पट्टी बघितली आणि ती ओलांडून ते आत गेले. ओट्याला हात टेकवून उभे राहिले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि रिळं पिशवीत भरली.

चार दिवसांनी मी शाळेतून आले तर आतून हाक आली. "चहा केलाय. इकडंच ये, मला कप घेऊन येता येत न्हाय." आई गेल्यापासून मला कुणी चहा करून दिला नव्हता. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून प्याले. साखर जास्त झाली होती.

पण पट्ट्या घरात होत्या. फाटकाच्या बाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावर काही चिकटवता येत नाही. आप्पा फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. आलंगेलं बघायचे. माणसांकडं बघतात असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं की ते पावलांकडं बघतात. दूधवाल्याची, शाळेच्या पोरांची, समोरच्या आज्जीची. एकदा म्हणाले, "सगळी कशी जात्यात बघ. कुणाला पत्ता न्हाय आपण चालतोय म्हणून."

त्यांची थोरली बहीण, माझी आत्ती, जांबोटीच्या पलीकडं एका वाडीत राहते. त्यांची आई लवकर वारल्यामुळं आप्पांना वाढवलं तिनंच. तिला आता ऐकू कमी येतं. आणि ह्या आजारानं आप्पांचा आवाज खाली गेला होता, इतका, की जवळ बसल्याशिवाय मलाही कळायचं नाही. त्यामुळं फोनवर दोघांचं काही होईना. आत्तीची सून फोन लावून द्यायची. आत्ती मोठ्यानं म्हणायची, "कसा हाईस रं?" आप्पा म्हणायचे, "बरा हाय." ती म्हणायची, "अरं बोल की." आप्पा पुन्हा म्हणायचे. शेवटी मी फोन घेऊन ओरडून सांगायची, आप्पा बरे आहेत. तिकडून ती म्हणायची, "तू नको सांगू. त्याला बोलू दे." आणि दोघं आपापल्या टोकाला गप्प.

अशा एका फोननंतर आप्पा म्हणाले, "मला एकदा आक्काकडं जायचं हाय. गाडीनं रस्त्यापर्यंत जाऊ. तिथनं पुढं शेतातनंच जावं लागतंय. बघ जमतंय काय."

मी फिजिओ बाईंना विचारलं. त्या नको म्हणतील असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणाव्यात असंही वाटत होतं. त्या म्हणाल्या, "गोळी घेतल्यावर तासाभरानं चालणं बरं असतं. ती वेळ धरून पोचा. आणि अडकले तर करायची एक युक्ती दाखवते." त्या आप्पांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आपला पाय त्यांच्या पावलांपुढं आडवा ठेवला. "हा ओलांडा. पट्टी नसली तरी माणसाचा पाय असतो की."

आप्पा जागचे हलले नाहीत.

"काय झालं? अडकले काय?"

"अडकलो न्हाय," आप्पा म्हणाले. "परक्याच्या लेकीला ओलांडू व्हय मी?"

"मग टीचर ठेवतील पाय."

"आपल्या लेकीला तर न्हायच."

आमच्यात झोपलेल्या माणसावरून, पोराच्या अंगावरून कुणी पाय नेत नाही. मी लहान असताना अंगणात पसरून पडले की आप्पा मोठा वळसा घालून जायचे, पण ओलांडायचे नाहीत. पोर खुरटतं म्हणायचे. आता मी पन्नाशीला आले होते, वाढायची काही शक्यता नव्हती. तसं मी म्हटलंही. ते हसले, पण पाय काही उचलला नाही. बाईंनी शेवटी माझ्याकडं बघून खांदे उडवले. "बरोबर काठी घ्या," म्हणाल्या. "काठी आडवी धरा."

डिसेंबरात सुगी आटपल्यावर आम्ही निघालो. भाड्याची गाडी, कन्नड बोलणारा ड्रायव्हर. जांबोटीच्या अलीकडं झाडी सुरू झाली तसे आप्पा काचेला नाक लावून बसले. डाव्या बाजूच्या प्रत्येक पायवाटेकडं बोट दाखवायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. गाडीच्या आवाजात मला एकही नाव कळलं नाही. गोळीची वेळ झाली तेव्हा गाडी थांबवून मी गोळी दिली. पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील.

रस्त्यावरनं आत्तीचं घर दिसतं. मधे शेतं. एरवी बांधावरनं जायचं, पण बांध अरुंद, त्यावर दोघं शेजारी चालू शकत नाहीत. आप्पा बांधावर चढले आणि तिथंच खिळले. पुढं एकसारखं वाळलेलं गवत, कुठं पाय टाकायचा ते सांगणारं काही नाही. ड्रायव्हर मागून "निधान, निधान," म्हणत धावला. हळू, हळू, असं. मी त्याला लांबच थांबवलं. मी काठी आडवी धरली, पण तीही गवतात दिसेना.

आप्पा खाली बघत होते. बांधाकडं नव्हे, शेताकडं.

"खाली उतरव मला," म्हणाले.

शेतात भात कापून झालं होतं. आत्तीच्या सुनेनं त्या वर्षी दोरी धरून लावणी केली होती, त्यामुळं धसकटं रांगेत उभी होती. वीतभर अंतरावर एक ओळ, मग दुसरी, मग तिसरी, समोरच्या बांधापर्यंत सगळ्या आडव्या. जमीन वाळून टणक झाली होती. आप्पांनी एक ओळ सोडून दुसरी ओलांडली. पुन्हा एक सोडून दुसरी. मी दंडाला नुसता हात लावून शेजारी चालत होते. चार पावलांनंतर त्यांची मान वर आली नाही, पण खांदे सैल झाले. दहा पावलांनंतर मला पाऊल लांब टाकावं लागलं. वाळली धसकटं पायाखाली मोडत होती. शेताच्या मधोमध पोचलो तेव्हा मी अर्धं पाऊल मागं पडले होते. मुद्दाम नाही. मला त्यांची पाठ दिसली. किती वर्षांनी दिसली. 

ते शेत संपलं. बांध ओलांडून पलीकडचं शेत दुसऱ्याचं होतं. तिथं भात पेरलेलं होतं, लावलेलं नव्हतं. धसकटं कशीही, कुठंही. ओळ नाही. आठदहा पावलं आप्पा वेगातच गेले आणि मग भर शेतात थांबले.

पलीकडं घरापुढच्या खळ्यात आत्ती येऊन उभी राहिली होती. डोळ्यांवर हात धरून बघत होती. आम्ही तिथनं काही बोललो तर तिला ऐकू जाणार नव्हतं. ती फक्त बघू शकत होती, की भाऊ मधेच थांबलाय आणि येत नाही.

मी काठी आडवी धरली. आप्पांनी पाय उचलायला बघितला, जमलं नाही. काठी धसकटांत हरवत होती. त्यांचे पाय थरथरायला लागले. मला मनगट मोडलेला सोमवार आठवला.

मग मी चप्पल काढली आणि पाय त्यांच्या पावलांपुढं आडवा ठेवला.

"आप्पा, ओलांडा."

"नको गं."

"आत्ती उभी आहे."

त्यांनी समोर बघितलं. मग खाली, माझ्या पायाकडं. "माफ कर बाळ," म्हणाले, आणि पाय उचलला. माझ्या पायाला त्यांचं पाऊल जरासं लागलं. त्यांनी तिथंच उजवा हात छातीला लावला, पाय लागल्यावर करतात तसा नमस्कार. मी पाय काढून पुन्हा पुढं ठेवला. ते ओलांडून आले, पुन्हा हात छातीला. पाय न लागता गेले तरी नमस्कार केलाच. असं प्रत्येक पावलाला. मी म्हटलं, दर वेळी नको, तोल जाईल. त्यांनी ऐकलं नाही. त्या नमस्कारानं तोल गेला नाही, उलट पावलाला एक ताल आला. पाय, हात. पाय, हात. आम्ही ते शेत असं पार केलं. ढेकळं टोचून माझा तळवा सोलवटला होता, ते मला संध्याकाळी कळलं.

खळ्यात पोचल्यावर आत्तीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "लई उशीर केलास," म्हणाली. मग त्यांना ओट्यावर बसवून आपला उजवा कान त्यांच्या तोंडाला लावला. "बोल आता. फोनवर काय ऐकू येत न्हवतं मला."

आप्पा बोलायला लागले. काय बोलले ते मला माहीत नाही. मी चुलीपाशी आत्तीच्या सुनेबरोबर भाकरी थापत होते. मधून बघायची तर आत्ती मान हलवत असायची, कधी "व्हय, व्हय," म्हणायची. एकदा ती रडत होती. एकदा दोघंही हसत होते, आणि आत्ती त्यांच्या पाठीत चापट मारून म्हणाली, "तू म्हशीला भ्यालतास, मी न्हाय." तिच्या कानाला तोंड लावून आप्पा दुपारपर्यंत बोलले. इतकं ते माझ्याशी वर्षभरात बोलले नव्हते. मला थोडा मत्सर वाटला.

परत येताना वाडीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं. गोळीचा जोर उतरला होता.

त्यानंतर ते परत गेलेले नाहीत. दीड वर्षात आजार पुढं सरकला. पट्ट्या अजून आहेत, दोनदा नव्या लावल्या, पण आता पट्टी दिसूनही पाय कधी कधी उचलत नाही. फिजिओ बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी मला सरळच सांगितलं, की युक्तीला पण हद्द असते. घरात चार पावलं आम्ही दोघं मिळून टाकतो, तेवढी रोज टाकतो. बाहेरसाठी चाकाची खुर्ची आणली आहे. आप्पा तिच्यात बसतात, तक्रार करत नाहीत. पण चढ आला की मुठी आवळतात, जणू खुर्ची त्यांनाच ओढायची आहे.

परवा रविवारी मी एकटी आत्तीकडं जाऊन आले. बसनं गेले, कारण आप्पांनी सांगितलं होतं गाडी करू नको. संध्याकाळी आले तेव्हा ते जागेच होते, पलंगावर टेकून. आत्ती बरी आहे, तांदूळ दिलेत, असं मी सांगायला लागले.

"ते मग," म्हणाले. मी जवळ जाऊन बसले. "उतरल्यावर कुठनं गेलीस?"

"शेतातनं."

"कुठल्या बाजूनं?"

मी सांगायला लागले. बस अलीकडच्या फाट्यालाच कशी सोडते, तिथनं पायवाटेला लागल्यावर ओढ्याला पाणी किती होतं, फणसाच्या झाडापाशी आता तारेचं कुंपण आलंय ते. त्यांनी डोळे मिटले होते.

"सावकाश सांग," म्हणाले. "पळू नको. फणसापासनं चढ लागतोय, तो सोडलास तू."

मी फणसापाशी परत आले आणि तिथून पुन्हा सुरुवात केली.